कामगाराचे आजारपण कोणाच्या खर्चाने?



या व्यासपीठावर आजवर संतवाङ्मयाचे अभ्यासक येऊन गेले, इतिहाससंशोधक येऊन गेले, गवयी येऊन गेले. त्या मालिकेत आमच्यासारख्या कामगार संघटनेच्या माणसास चिटणिसांनी का बसविले, हे त्यांचे त्यांना ठाऊक. आमची सभा म्हणजे कारखान्याच्या फाटकाबाहेरची. पाळी सुटण्याची वेळ, पाठीमागे बसचा कर्णा, आणि ऐकणाऱ्याचे अर्धे लक्ष घरी जाणाऱ्या गाडीकडे. इथे आपण सर्वजण खुर्चीवर स्वस्थ बसलेले पाहून आम्हांला थोडी भीतीच वाटते. शिक्षण म्हणाल तर शाळा दहावीला सुटली. पुढचे जे काही झाले ते कामगार न्यायालयाच्या बाकावर आणि रोह्याच्या वाचनालयात. आम्ही स्वतःला 'आम्ही' म्हणतो तेही मोठेपणाने नव्हे. तीस वर्षे संघटनेच्या वतीने बोलून 'मी' म्हणण्याची सवयच राहिली नाही.

भाषणाच्या टिपणाऐवजी आज आम्ही ही पिशवी आणली आहे. कापडाच्या दुकानात साडीबरोबर मिळते तशी साधी पिशवी. आत एक फाइल, दोन एक्स-रे, रक्ताच्या तपासण्यांचे कागद, औषधांच्या दुकानातल्या पावत्या, आणि इस्पितळाचे अकरा पानांचे बिल. अशी एक पिशवी आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी असेल. दाराआडच्या खुंटीला नाही तर खाटेखाली. बाकी काही सापडले नाही तरी ही पिशवी घरच्या बाईला अंधारातही सापडते. या पिशवीच्या मालकाची परवानगी घेऊन ती आणली आहे, परंतु त्याचे नाव आणि गाव सांगणार नाही असे वचन दिले आहे.

मालक खारेपाटातला. तळोज्याकडील एका कारखान्यात तो कायम कामगार होता. 2018 च्या फेब्रुवारीत तेथे आमच्या संघटनेचा पगारवाढीचा करार झाला. चौदा महिने वाटाघाटी चालल्या होत्या. कारखान्यात एकशे चाळीस कामगार, सरासरी पगार 19,000 रुपये. तो 1 एप्रिलपासून 22,500 झाला. साडेतीन हजारांची वाढ! त्या दिवशी फाटकावर पेढे वाटले गेले, गुलाल उडाला, आणि आमच्या या वजनदार देहास चौघांनी खांद्यावर उचलून घेतले. तो फोटो संघटनेच्या कचेरीत पुष्कळ दिवस होता. पुढे आम्हीच तो उतरवून ठेवला. का, ते आता सांगतो.

कामगार राज्य विमा योजना, जिला आपण सगळे ईएसआय म्हणतो, तिचा नियम असा की, ज्याचा पगार एका मर्यादेच्या आत आहे त्यालाच ती लागू. ही मर्यादा 1 जानेवारी 2017 पासून 21,000 रुपये झाली होती. ओव्हरटाइम त्यात धरत नाहीत, बाकीचा पगार धरतात. आमच्या कराराने एकशे चाळीस माणसे एका सहीसरशी मर्यादेच्या पलीकडे गेली. त्यांच्या पगारातून पावणेदोन टक्के कापले जात, म्हणजे 19,000 मागे 332 रुपये 50 पैसे. ते कापणे बंद झाले तेव्हा कामगार खूश झाले. खोटे कशाला सांगा, आम्हीही झालो. ईएसआयच्या दवाखान्यातील रांग, तेथील संपलेली औषधे, कार्डासाठी घातलेल्या खेपा, यांवर आम्ही फाटकावर जितकी भाषणे केली तितकी दुसऱ्या कशावर केली नसतील.

परंतु मालकाचाही एक वाटा असे. तो त्या वेळी पावणेपाच टक्के होता. 19,000 मागे 902 रुपये 50 पैसे. तोही बंद झाला. एकशे चाळीस माणसांचे बारा महिन्यांचे होतात पंधरा लाख सोळा हजार दोनशे रुपये, आणि हे मालकाच्या तिजोरीत दर साल परत गेले. म्हणजे आम्ही जी साडेतीन हजारांची वाढ मिरवली, तीतले नऊशे रुपये त्याने कामगाराच्या औषधाच्या डब्यातून काढून कामगाराच्याच हातावर ठेवले होते. रोह्याने देशाला चिंतामणराव देशमुखांसारखा अर्थमंत्री दिला. त्याच गावचे आम्ही, आणि हा पाचवीच्या मुलाचा गुणाकार आम्हांला सही करताना सुचला नाही. व्यवस्थापनाच्या माणसाने तो केला असणार. त्याबद्दल आमचा त्याच्यावर राग नाही. ते त्याचे काम होते. आमचे काम आम्ही केले नाही.

नियमाप्रमाणे वर्गणी बंद झाली तरी मागील सहामाहीच्या वर्गणीवर उपचाराचा हक्क काही काळ चालतो. ऑक्टोबर ते मार्चची वर्गणी पुढच्या जुलै ते डिसेंबरला उपयोगी पडते. तेव्हा आमच्या माणसाचे कार्ड 31 डिसेंबर 2018 रोजी संपले. आणि माघी गणपतीच्या आदल्या दिवशी, म्हणजे पुरते सहा आठवडेही झाले नव्हते, त्याची बायको मोदकाचे पीठ मळता मळता खाली बसली ती तिला उठवेना. दम लागला होता. लहानपणी कधी तरी सांधेताप येऊन गेला होता, त्याने हृदयाची झडप खराब झाली होती. हा रोग गर्दीच्या, ओलसर घरांत वाढलेल्या मुलांना गाठतो आणि वीस-तीस वर्षांनी बिल पाठवतो. झडप बदलावी लागेल असे डॉक्टरांनी सांगितले.

सरकारी योजना नव्हती का, असे आपण विचाराल. होती. तिचा आरंभच जुलै 2012 मध्ये ज्या आठ जिल्ह्यांत झाला त्यांत आपला रायगड होता. तेव्हा तिला राजीव गांधींचे नाव होते, 2017 पासून महात्मा फुल्यांचे आहे. परंतु 2019 साली ती पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेवर मिळे, आणि केशरीला वर्षाच्या एक लाख उत्पन्नाची मर्यादा. आमच्या माणसाची शिधापत्रिका पगाराची चिठ्ठी पाहून केव्हाच पांढरी झाली होती. ईएसआयच्या मते तो श्रीमंत, शिधावाटप कचेरीच्या मते तो श्रीमंत. इस्पितळाच्या खिडकीशी उभा राहिला तेव्हा मात्र अनामत भरण्यास त्याच्यापाशी अकरा हजार रुपये होते. मुंबईच्या मोठ्या सरकारी इस्पितळात शस्त्रक्रियेची तारीख चार महिन्यांनंतरची मिळत होती, आणि इतके थांबता येणार नाही असे डॉक्टर म्हणाले.

बिल झाले 3,86,000 रुपये. साठ हजार पतपेढीने दिले. दागिने होते ते गेले. सासऱ्यांची ठेव जिथे होती ती बँक 2010 मध्येच अडकली होती. कोणती, हे पेणच्या सभागृहात सांगावयास नको. खात्यातल्या सहकाऱ्यांनी चाळीस हजार जमवले. उरलेल्यासाठी खाडीकडचे पाच गुंठे विकले. आपल्या भागात जमिनीला गिऱ्हाईक शोधावे लागत नाही. गिऱ्हाईक उंबऱ्याशीच बसलेले असते, ते फक्त घरात कोण आजारी पडतो याची वाट पाहते.

वहिनी वाचल्या. आजही चांगल्या आहेत. रक्त पातळ ठेवण्याची गोळी जन्मभर, आणि दर थोड्या दिवसांनी रक्ताची तपासणी. गडी त्यानंतर आमच्याकडे आला तो भांडायला आला नव्हता. त्याने पिशवी टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "दादा, तुम्ही पगाराची चिठ्ठी वाचून कुठे चोरी झाली ते सांगता. हे वाचून सांगा." भांडला असता तर बरे झाले असते.

आम्ही ते बिल वाचले. तीन रात्री वाचले. पगारपत्रक, हजेरीपट, बोनसचा ताळेबंद वाचण्यात आमचे आयुष्य गेले, पण असा कागद पाहिला नव्हता. खाटेचे भाडे वेगळे, परिचारिकेचे वेगळे, त्या खाटेशेजारच्या यंत्राचे वेगळे, डॉक्टर दिवसातून दोनदा डोकावले त्याचे वेगळे. एसटीत तिकीट काढल्यावर कंडक्टरने ड्रायव्हरचे पैसे निराळे आणि भोंग्याचे निराळे मागावेत तसे. हातमोज्यांचे जोड किती लागले ते मोजले तर त्या एका वहिनींसाठी सबंध कारखान्याने हात धुऊन मोजे घातले असावेत. आम्ही जाऊन खिडकीशी वाद घातला. माणूस सभ्य होता. त्याने आत विचारून अठरा हजार कमी केले. ते कशातून कमी केले हे त्यालाही सांगता येईना, आणि मग तेवढे लावले तरी कशासाठी होते, हा प्रश्न आम्ही त्याला विचारला नाही. अठरा हजार परत घेतील या भीतीने विचारला नाही. हा आमच्या तीस वर्षांच्या लढाऊपणाचा एक नमुना.

या प्रकाराने आम्हांला वाचनालयात परत पाठवले. मूळ कल्पना काय होती ते तरी पाहावे, म्हणून जुने ग्रंथ काढले. नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव आपण रविवारच्या सुटीसाठी घेतो. 1884 च्या सप्टेंबरात परळला गिरणी कामगारांची जी सभा त्यांनी भरवली, आणि साडेपाच हजार सह्यांचा जो अर्ज झाला, त्यात सुटीबरोबर आणखी एक मागणी होती. काम करताना जखमी झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पुरा पगार मिळावा, आणि जन्माचा अधू झाल्यास त्याच्या पोटाची तजवीज व्हावी. पहिल्याच अर्जात दुखण्याचा खर्च आहे! सुटी 1890 मध्ये मिळाली. दुखण्याचे अजून चालले आहे.

त्यानंतरचे मोठे नाव आपल्याच जिल्ह्याचे. नारायण मल्हार जोशी गोरेगावचे. माणगावच्या बाजूला शाळेतील मुलांना ते नाव विचारा, किती जणांना सांगता येते पाहा. 1911 मध्ये त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली, 1920 मध्ये आयटक स्थापण्यात ते होते, आणि 1929 साली जे मजूर कमिशन नेमले गेले त्यावर ते सभासद होते. कामगारांच्या आजारपणाचा विमा हा विषय या कमिशनपुढे आला. पुढे महायुद्धाच्या काळात मजूरखाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे असताना, 1943 मध्ये, प्रा. बी. पी. आडारकर यांस या विम्याची योजना आखण्यास नेमले. 1944 मध्ये त्यांचा अहवाल झाला, 1948 च्या एप्रिलमध्ये कायदा झाला, आणि 24 फेब्रुवारी 1952 रोजी कानपूर आणि दिल्ली येथे योजना सुरू झाली. 1954 मध्ये ती नागपुरास आणि मुंबईस आली.

या योजनेतील एक गोष्ट फार मोलाची, आणि आम्ही फाटकावर तिचे नाव कधी घेतले नव्हते. कामगार आजारी पडला म्हणजे दोन संकटे येतात. खर्च वाढतो आणि पगार थांबतो. ईएसआय दोन्हींकडे पाहते. उपचार तर आहेतच, शिवाय आजारपणाच्या रजेत पगाराच्या सत्तर टक्के रक्कम वर्षातून एक्क्याण्णव दिवसांपर्यंत मिळते. बाजारात मिळणारा साधा मेडिक्लेम इस्पितळाचे पैसे देतो. घरी पडलेल्या माणसाच्या चुलीचे काय, हे त्यात येत नाही. आणि वर्गणी पगाराच्या प्रमाणात. म्हातारा म्हणून जास्त नाही, मधुमेह आहे म्हणून जास्त नाही, घरात पाच माणसे म्हणूनही जास्त नाही.

मग मर्यादा कशाला? 1948 साली ती महिना चारशे रुपये होती. त्याहून अधिक मिळवणारा माणूस आपले आपण पाहील, अशी समजूत. त्या काळच्या औषधांच्या मानाने ती चुकीची नसेलही. परंतु मर्यादा गोगलगायीसारखी सरकली. 1997 मध्ये 6,500, 2006 मध्ये 10,000, 2010 मध्ये 15,000, 2017 मध्ये 21,000, आणि मग वर्षानुवर्षे तिथेच. दरम्यान पगार वाढत गेले, महागाई भत्ता वाढत गेला, आणि एकेक कारखाना हळूहळू छपराबाहेर आला. 2019 च्या जुलैपासून वर्गणीचे दर उतरवून मालकाचे सव्वातीन टक्के आणि कामगाराचे पाऊण टक्का केले. तेव्हा आम्हांला वाटले होते की आता तरी मर्यादा वर नेतील. तो जुना कायदा आता 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गेला आहे, आणि ती 21 नोव्हेंबर 2025 रोजी अमलात आली. मर्यादा ठरवण्याची रीत तीतही आहेच.

येथे थोडे दूर जाऊ. ज्या 1948 साली आपला कायदा झाला त्याच वर्षी 5 जुलैला इंग्लंडमध्ये राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली. ती आणणारा मंत्री अन्युरिन बेव्हन हा वेल्समधील खाणकामगार. तेराव्या वर्षी शाळा सोडून खाणीत उतरलेला. त्याच्या ट्रेडेगर गावी कामगारांनी पगारातून ठरावीक पेन्स कापून घेऊन एक वैद्यकीय मंडळ चालवले होते. त्या पैशातून डॉक्टर नेमले जात, आणि गावातील बहुतेक सगळ्यांना उपचार मिळत. बेव्हनने गावचे तेच सबंध देशाला केले. खाणीत काम करतो की नाही, पगार किती, हा प्रश्नच काढून टाकला. त्या सेवेतही आज रांगा आहेत आणि तक्रारी आहेत. पण शस्त्रक्रियेसाठी शेत विकले, अशी तक्रार तेथील माणूस करत नाही.

अमेरिका दुसऱ्या वाटेने गेली, आणि तिची गोष्ट आम्हांला अधिक बोचते, कारण तिथे आमच्यासारख्याच माणसांनी आमच्यासारखीच चूक केली. 1942 मध्ये युद्धामुळे तेथील सरकारने पगार गोठवले. पगार वाढवता येत नाही म्हणून मालकांनी माणसे टिकवण्यासाठी आरोग्यविमा देऊ केला, आणि युद्धानंतर संघटनांनी तो करारांत पक्का करून घेतला. मोठाच विजय वाटला असेल. तिकडे पेढे नसतात, काय वाटतात ते ठाऊक नाही. 1945 साली अध्यक्ष ट्रुमन यांनी सर्व नागरिकांसाठी विमा सुचवला तो पार पडला नाही. म्हातारे आणि गरीब यांची सोय 1965 मध्ये झाली. बाकीच्यांचे औषध नोकरीला बांधलेले राहिले. आता त्याचे मोल पाहा. केएफएफ या तेथील संस्थेच्या पाहणीप्रमाणे 2024 मध्ये मालकामार्फत घेतलेल्या कुटुंबाच्या विम्याचा हप्ता वर्षाला सरासरी 25,572 डॉलर झाला, आणि त्यातले 6,296 डॉलर कामगाराच्या पगारातून गेले. शिवाय आजारी पडल्यावर आधी काही हजार डॉलर स्वतःचे घालावयाचे ते निराळेच. पगारवाढीची बोलणी करायला बसलेली संघटना विमा टिकवण्यातच दमून जाते.

2019 च्या सप्टेंबरात जनरल मोटर्सच्या सुमारे 48 हजार कामगारांनी संप केला. कंपनीने पहिल्या एक-दोन दिवसांतच संपकऱ्यांच्या आरोग्यविम्याचे पैसे भरणे बंद केले. ओरड झाली तेव्हा आठवड्याभराने निर्णय फिरवला. परंतु त्या आठवड्यात ज्यांच्या घरी कोणी खाटेवर असेल त्यांनी काय केले असेल? आपल्या पेण-रोह्याची पुष्कळ मुले तिकडे चांगल्या नोकऱ्यांवर आहेत. सुटीत आली की दातांची कामे इकडेच उरकून घेतात, हे आपण पाहतोच. हसू नका, त्यामागे हाच हिशेब आहे.

परत आपल्या गावी येऊ. आम्ही आतापर्यंत ज्याचे बोललो तो कायम कामगार, त्यातल्या त्यात सुखी प्राणी. या पेणमध्ये, हमरापूर-जोह्यात, गणपतीच्या कारखान्यांतून जे हात चालतात त्यांचे काय? मूर्ती नगावर. आषाढ-श्रावणात रात्र-रात्र जागून काम, प्लॅस्टरची भुकटी आणि रंगाची फवारणी नाकातोंडात. दहा कामगारांखालच्या कारखान्याला ईएसआय सहसा लागतच नाही, आणि पुष्कळ कारखाने म्हणजे एका घराची पडवी. डोळे लिहिणारा कारागीर, त्याचे स्वतःचे डोळे अधू झाले तर रजा नाही आणि भत्ता नाही. तसेच धाटावच्या वसाहतीतले कंत्राटी कामगार. तिथे रसायने होतात, आणि त्वचेचे, श्वासाचे दुखणे काय असते ते तिथल्या माणसाला पुस्तकात वाचावे लागत नाही. कंत्राटदार बदलला की त्याचा नोकरीचा इतिहास पुसला जातो. एका कंत्राटदाराने दीड वर्ष कामगारांच्या पगारातून ईएसआयची वर्गणी कापली आणि भरलीच नाही. एकाच्या मुलाला सर्पदंश झाला तेव्हा ते उघडकीस आले. तेव्हापासून आम्ही प्रत्येक कंत्राटी मुलाला सांगतो, पगाराच्या चिठ्ठीवर विसंबू नकोस. आपला विमा क्रमांक घालून वर्गणी जमा दिसते की नाही ते दर महिन्याला मोबाइलवर पाहा.

सरकारने काहीच केले नाही असे आम्ही म्हणणार नाही. ते खरे होणार नाही. फुले योजना आता शिधापत्रिकेचा रंग न पाहता सर्वांना खुली झाली आहे, आणि कुटुंबामागे पाच लाखांपर्यंत गेली आहे. ती 2019 मध्ये तशी असती तर खाडीकडचे ते पाच गुंठे अजून त्यांचे असते. देशाच्या आरोग्यखर्चाचे सरकारी हिशेब निघतात, त्यांत शंभर रुपयांतले 2013-14 साली 64 रुपये लोकांच्या खिशातून जात होते, ते 2021-22 साली 39 वर आले. ही सुधारणा मोठी आहे. पण योजनेतले उपचार ठरलेले, इस्पितळे ठरलेली, आणि मुख्य भर इस्पितळात दाखल होण्यावर. वहिनींची दरमहाची गोळी, रक्ताची तपासणी, रोह्याहून पनवेलला जाण्याचा खर्च आणि सोबत जाणाऱ्याचा बुडालेला रोज, हे त्यात बसत नाही. रक्तदाब आणि साखर ही तर आता घरोघरची दुखणी. पिशवी जाड होते ती या बारीक पावत्यांनीच.

आणि बिल हे काही विधिलिखित नव्हे. 2017 च्या फेब्रुवारीत हृदयातील स्टेंटची किंमत सरकारने बांधून दिली. जो औषधी स्टेंट लाखाच्या घरात लावला जाई तो कराव्यतिरिक्त 29,600 रुपयांवर आला. इस्पितळे बंद पडली नाहीत. करोनात, 21 मे 2020 रोजी, महाराष्ट्र सरकारने खासगी इस्पितळांतील ऐंशी टक्के खाटांचे दर ठरवले. साधी खाट दिवसाला 4,000, अतिदक्षता 7,500, कृत्रिम श्वासाच्या यंत्रासह 9,000. सगळीकडे पाळले गेले नाहीत, तक्रारी आल्या, लेखापरीक्षक बसवावे लागले. पण ठरवता येतात, हे एकदा दिसले. 2021 च्या नियमांप्रमाणे खासगी इस्पितळाने दरपत्रक आणि रुग्णांच्या हक्कांची सनद दर्शनी भागात लावावयास हवी. पुढच्या वेळी कोणाला भेटायला जाल तेव्हा संत्री हातात घेऊन भिंतीकडे एकदा पाहा. आणि धर्मादाय न्यासाची जी इस्पितळे आहेत, त्यांनी दहा टक्के खाटा निर्धनांस मोफत आणि दहा टक्के दुर्बलांस सवलतीत द्याव्यात, अशी योजना उच्च न्यायालयाने 2006 मध्येच घालून दिली. ती खाट मागावी लागते, आपण होऊन कोणी देत नाही. आमच्या माणसासाठी ती मागावी हे 2019 मध्ये आम्हांला सुचले नव्हते. हेही पिशवीत घाला.

आता करारांत आम्ही काय करतो ते सांगतो. पगाराच्या आकड्याआधी आजारपणाचे पान काढतो. मर्यादा ओलांडली जाणार असेल तर मालकाचा वाचणारा वाटा प्रथम बाजूला काढून घेतो आणि त्यातून सर्वांचा समूहविमा मागतो, आईवडिलांसह. मागच्या एका करारात आम्ही यावर अडून बसलो, तेव्हा विरोध मालकाने केला नाही, आमच्याच तरुण सभासदांनी केला. एक पंचविशीचा मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "दादा, मला काही झालेले नाही. माझे पैसे माझ्या हातात द्या. मोटारसायकलचा हप्ता आहे. आजारी पडेन तेव्हा बघू." टाळ्या त्याला पडल्या. आम्ही ही पिशवी उघडून दाखवली तेव्हा पुढच्या रांगा गप्प झाल्या, मागच्या नाही. मत घेतले. समूहविमा सात मतांनी मंजूर झाला. सातच. त्या मुलाचे म्हणणे अगदीच चुकीचे आहे असे आम्हांला वाटत नाही. त्याचा पगार मुळात इतका थोडा आहे की आजचा हप्ता आणि उद्याचे दुखणे यांत त्याला निवड करावी लागते. कारखान्याचा विमा पुन्हा कारखान्यालाच बांधलेला, हेही आम्हांला कळते. आम्ही अमेरिकेचीच वाट इथे थोडी थोडी बांधत आहोत की काय, अशी शंका रात्री येते. आमची मागणी पगाराची मर्यादा काढून टाकण्याची, नगावरच्या कारागिरालाही त्या छपराखाली घेण्याची आहे. ती दिल्लीला मान्य होईपर्यंत सात मतांवर चालवावे लागेल.

अध्यक्षमहाराजांनी घड्याळाकडे पाहिले ते आमच्या ध्यानात आले. एवढेच सांगतो. सभागृहाच्या दाराशी आमचे दोन कार्यकर्ते टेबल टाकून बसले आहेत. वर्गणीसाठी नव्हे. ज्यांच्या घरी अशी पिशवी आहे, त्यांनी रविवारी सकाळी नऊ ते बारा ती घेऊन यावे. पेणचे येथे, रोह्याचे आमच्या कचेरीत. कार्ड कोणाचे चालू आहे, योजना कोणाला लागते, बिलातले काय विचारता येते, ते आम्ही एकत्र बसून वाचू. औषधांच्या पावत्या टाकून देऊ नका, आणि शिधापत्रिकेची एक प्रत बरोबर आणा.